गाळ कोणी काढायचा?

पर्यावरणाचे रक्षण व्हावे यासाठी जास्त कर भरायला आपण तयार आहात काय? जगभर लोकांची मूल्ये मोजणारी जी एक मोठी पाहणी होते, 'जागतिक मूल्य सर्वेक्षण' नावाची, तिच्यात हा प्रश्न अनेक वर्षे विचारला गेला. भारतातल्या लोकांपुढेही तो आला. प्रश्न मोठा सभ्य आहे. 'होय' म्हणायला खिशात हात घालावा लागत नाही आणि 'नाही' म्हणायला थोडी लाज वाटते. त्यामुळे अशा प्रश्नाला मिळालेल्या होकारांची संख्या पाहून माणसाच्या मनाचा अंदाज बांधणे मला धाडसाचे वाटते. इयत्ता नववीच्या वर्गात 'झाडे लावावीत का?' असे विचारले तर सगळे हात वर होतात. सुट्टीत शाळेच्या रोपांना पाणी घालायला कोण येईल, असे विचारले की हात मोजायला सोपे जाते.

हाच प्रश्न जालन्यात एखाद्या चहाच्या टपरीवर विचारून पाहावा. तिथे 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर मिळणार नाही. उलट प्रश्नच येतील. कोणता कर? घेणार कोण? आमच्याकडून किती आणि बंगलेवाल्याकडून किती? आणि मग नळाला पाणी किती दिवसांनी येणार? सर्वेक्षण करणारा या माणसाला 'अनिश्चित' या रकान्यात टाकील. मला मात्र वाटते की या उलटप्रश्नांमध्येच खरा नैतिक विचार दडलेला आहे. हा लेख म्हणजे ते प्रश्न नीट मांडण्याचा प्रयत्न आहे.

पहिली गोष्ट अशी की आपण तयार आहोत का, हा प्रश्नच थोडा उशिरा आलेला आहे. आपण भरतोच आहोत. माझ्यासारख्या शिक्षकाच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी व्यवसाय कराची कपात असते. वर्षाचे २५०० रुपये होतात. शिक्षक-कक्षात आम्ही पगारपत्रक हातात घेऊन महागाई भत्त्यावर तासन्‌तास बोलतो. या ओळीकडे कोणाचे लक्ष जात नाही. ही ओळ आली कुठून? १९७२ च्या दुष्काळातून. त्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो माणसे खडी फोडायला आणि तलावाची माती उपसायला गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला कायमचा पैसा हवा होता. म्हणून १९७५ साली महाराष्ट्रात व्यवसाय कराचा कायदा झाला. योजनेचा कायदा १९७७ सालचा आणि तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ पासून. शहरातल्या पगारदाराने, व्यापाऱ्याने, वकिलाने थोडे द्यायचे आणि त्यातून खेड्यातल्या मजुराने बांध घालायचे, पाझर तलाव खोदायचे, जमिनीची धूप थांबवायची, अशी ती योजना होती. पर्यावरण हा शब्द त्या वेळी सरकारी भाषेत रुळलेला नव्हता. काम मात्र तेच होते: माती अडवणे आणि पाणी जिरवणे. २००५ साली केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव डोळ्यांपुढे होता.

म्हणजे महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाने पन्नास वर्षांपूर्वीच या प्रश्नाला 'होय' म्हटले होते. फारशी कुरकुर न करता म्हटले होते, कारण दुष्काळ सर्वांनी डोळ्यांनी पाहिलेला होता. मग आज आपण का कचरतो?

याचे एक कारण आपल्या आठवणीत अगदी ताजे आहे. २०१५ साली मराठवाडा पुन्हा होरपळत होता. त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून राज्य सरकारने पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे २ रुपये जादा आकारायला सुरुवात केली. दारू, सिगारेट, शीतपेये, सोने यांवरचा करही वाढवला. दुष्काळ निवारणासाठी सुमारे १६०० कोटी रुपये उभे करायचे, असे सांगण्यात आले. आपण मराठवाड्याची माणसे. आपल्याच नावाने घेतलेल्या कराला आपण काय विरोध करणार? पुढच्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, इतकी परिस्थिती वाईट होती. मग २०१६ च्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला. दुष्काळ गेला, पण पेट्रोलवरचा अधिभार काही गेला नाही. तो पुढे वाढतच गेला आणि दुष्काळाचे नाव त्याच्यावरून हळूहळू पुसले गेले.

दुसरे उदाहरण देशपातळीवरचे. २०१० साली केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर बसवला. पुढे तो १००, २०० आणि २०१६ साली ४०० रुपये झाला. आपल्या जालन्यात भंगार वितळवून सळ्या करणाऱ्या भट्ट्या आहेत, त्यांना रात्रंदिवस वीज लागते, आणि ही वीज बव्हंशी कोळशाची. तेव्हा घर बांधणारा आणि दिवा लावणारा प्रत्येक माणूस हा उपकर अप्रत्यक्षपणे भरत होता. २०१० ते २०१८ या काळात त्यातून सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमले. स्वच्छ ऊर्जेसाठी काढलेल्या निधीत त्यांतले साधारण २९ हजार ६०० कोटी पोचले आणि प्रकल्पांवर खर्च झाले जेमतेम १६ हजार कोटी. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा या उपकराची जागा राज्यांच्या महसुलाची तूट भरून काढणाऱ्या उपकराने घेतली. टनामागचा आकडा ४०० हाच राहिला, हेतू तेवढा बदलला. रोजगार हमीसाठी जमा होणारा पैसा पूर्णपणे त्या कामावर लागत नाही, ही तक्रारही अभ्यासकांनी अनेकदा केली आहे.

आपल्या बोलीत यासाठी एक नेमका शब्द आहे: अमानत. एखाद्याने विशिष्ट कामासाठी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू दुसऱ्या कामासाठी वापरली, तर ते काम कितीही चांगले असले तरी अमानतीत खयानत होतेच. अंगावरच्या कापडाचा हिशेब भर सभेत मागणाऱ्या सामान्य माणसाला हजरत उमर यांनी रागे भरले नाही, तर आपल्या मुलाला उभे करून त्याने आपल्या वाट्याचे कापड वडिलांना दिले होते हे सांगायला लावले, ही कथा आपण मुलांना आवडीने सांगतो. तिचा अर्थ असा की हिशेब मागणे हा उद्धटपणा ठरत नाही. तो देणाऱ्याचा हक्क आहे आणि घेणाऱ्याचे कर्तव्य. दुष्काळासाठी घेतलेला पैसा दुष्काळावर, कोळशाचा पैसा स्वच्छ विजेवर, आणि काम संपले की कर बंद, एवढे झाले तर लोक पुढच्या वेळी आपणहून देतील.

पण इथेच थांबून टाळी घेणे सोपे आहे. 'आधी हिशेब द्या, मग कर देऊ' हे वाक्य दोन प्रकारची माणसे उच्चारतात. एकाला खरोखर हिशेब हवा असतो. दुसऱ्याला कर द्यायचा नसतो. दोघांचे शब्द एकच असल्याने ओळखणे कठीण जाते. एक कसोटी मात्र आहे. ज्याला हिशेब हवा असतो तो वॉर्डाच्या बैठकीला जातो, अर्ज करतो, अंदाजपत्रकाची प्रत मागतो. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. तो वापरून आपल्या वस्तीतल्या किती जणांनी पाणीपट्टीचा किंवा वृक्षकराचा हिशेब मागितला? मालमत्ता कराच्या बिलात वृक्षकर नावाची एक ओळ असते आणि तिच्यामागे १९७५ सालचा, शहरातल्या झाडांच्या रक्षणाचा कायदा आहे, हेही फार थोड्यांना ठाऊक असते. न मागितलेल्या हिशेबाचे कारण पुढे करून न भरलेला कर म्हणजे निव्वळ बचत होय. तिला तत्त्वाचे नाव देऊ नये.

आता आपल्या समाजात हमखास निघणारा एक मुद्दा घेतो. काही जाणती माणसे म्हणतात, 'कर कशाला? आपल्याकडे सदका आहे, वक्फ आहे. पाणी पाजणे हे तर सर्वांत मोठे पुण्य. जबरदस्तीने घेतलेल्या करात नियत कुठली, आणि नियतच नाही तर सवाब कसला?' हा मुद्दा हलका नाही. मदीनेत पाणी विकत घ्यावे लागत होते तेव्हा हजरत उस्मान यांनी रूमा नावाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. पाणी, गवत आणि अग्नी यांत सर्व माणसांचा वाटा आहे, अशा आशयाची प्रेषितांची (स.) शिकवण आहे. वाहत्या नदीकाठीही वुजूला जास्त पाणी वापरू नये, असेही आपण शिकलो. मलिक अंबरने खडकी शहरासाठी नहर खोदली. आपल्या जालन्यात जमशेदखानाने मोती तलाव बांधला आणि जमिनीखालच्या नळांनी त्याचे पाणी गावातल्या हौदांपर्यंत आणले. काळी मशीद पाहायला येणाऱ्या पाहुण्याला आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो.

मात्र त्या नळांचे पुढे काय झाले, हे पाहुणा विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. ज्याने बांधले त्याचे नाव राहिले. ज्याने दर वर्षी नळातला गाळ काढला त्याचे नाव कोणाला माहीत नाही, आणि ज्या वर्षापासून तो गाळ कोणी काढला नाही ते वर्षही कोणी नोंदवून ठेवलेले नाही.

घाणेवाडी तलावाची कथा याहून जवळची आहे. निजामाच्या राजवटीत, १९३० च्या दशकात बांधलेल्या या तलावाने विजेचा एक युनिट न जाळता, केवळ उताराच्या बळावर जालना शहराला पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजले. दर पावसाळ्यात त्यात पाण्याबरोबर माती येत राहिली. गावोगावच्या उघड्या पडलेल्या रानांची ती माती होती. तलाव उथळ होत गेला. शहर वाढत गेले. नवा तलाव बांधण्याच्या घोषणेला टाळ्या मिळतात. जुन्याचा गाळ काढण्याचा नारळ फोडायला कोणाला उत्साह नसतो. शेवटी २०१० च्या आसपास घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या नावाने शहरातले नागरिक एकत्र आले. उद्योजकांनी, व्यापाऱ्यांनी, सामान्य माणसांनी वर्गणी दिली. यंत्रे लावून गाळ उपसला गेला आणि शेतकऱ्यांनी तो आपापल्या वाहनांतून शेतात नेऊन टाकला. २०१२-१३ च्या भीषण दुष्काळात जालन्याचे नाव साऱ्या देशाच्या तोंडी होते. त्या काळात हे काम झाले, याचा कोणत्याही जालनेकराला अभिमान वाटावा.

तरीही त्या अभिमानातून एक प्रश्न उरतो. वर्गणी दुष्काळात येते. घसा कोरडा असतो तेव्हा हात खिशात जातो. पाऊस पडला की हात बाहेर येतो. गाळ मात्र पाऊस पडतो त्याच वर्षी येतो. दानाचा आणि गाळाचा हा उलटा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो. शिवाय जकातीचा पैसा तलावावर लावता येत नाही. आपल्याकडचे बहुतेक उलेमा सांगतात की जकात गरजवंताच्या मालकीची झाली पाहिजे, आणि तलाव काही कोणा एका फकिराच्या मालकीचा नसतो. राहिला ऐच्छिक सदका. तो मनाच्या उमाळ्यावर चालतो आणि उमाळ्याला वेळापत्रक नसते. म्हणून मी या निष्कर्षाला आलो आहे की दान बांधू शकते. राखायचे असेल तर कर लागतो. दान देणारा मोठा माणूस असतो, हे खरेच. पण ज्या गावाचे पाणी मोठ्या माणसांच्या मोठेपणावर अवलंबून आहे ते गाव कायम कोणाचे तरी आभार मानत राहते. करातून आलेल्या पाण्याचे आभार मानावे लागत नाहीत. त्याचा हिशेब मागता येतो.

नियतीचे म्हणाल तर, आपला वाटा न लपवता, न टाळता, शेजाऱ्याच्या मुलालाही पाणी मिळावे या विचाराने जो भरतो, त्याची नियत कोणता कायदा हिरावून घेणार? जबरदस्ती असते ती वसुलीत. मन आपलेच असते.

यापुढचा प्रश्न सर्वांत अवघड आहे: कोणी किती द्यायचे? इथे आपल्या परंपरेतली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. शेतीच्या उत्पन्नावरच्या उश्रचा दर दोन प्रकारचा आहे. पावसावर किंवा वाहत्या पाण्यावर पिकलेल्या धान्याचा दहावा भाग द्यायचा आणि मोट ओढून, खर्च करून पिकवलेल्याचा विसावा. ज्याने पाण्यासाठी आधीच घाम गाळला त्याच्यावरचा भार निम्मा. जकातीतही निसाब आहे. तेवढी मालमत्ता नसेल त्याने द्यायचे नसते, घ्यायचे असते. म्हणजे कर बसवण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या: या माणसाकडे उरते किती, आणि याने आधीच काय दिले आहे?

आजचे पर्यावरणाचे कर या कसोटीवर घासून पाहू. २०१० साली महाराष्ट्राने जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आणला. पंधरा वर्षांहून जुनी दुचाकी पुढे चालवायची तर २००० रुपये. जुनी गाडी जास्त धूर सोडते, हे खरे आहे. पण पंधरा वर्षे एकच स्कूटर कोण चालवतो? जो दर दोन महिन्यांनी ती गॅरेजमध्ये नेऊन नीट करून घेतो, नवी घेण्याची ऐपत नाही म्हणून. जो दर तीन वर्षांनी नवी मोठी मोटार घेतो त्याला या नावाखाली एक पैसा पडत नाही. नवी गाडी घेताना तो वेगळा मोठा कर भरतो, हे मान्य. परंतु त्या गाड्या घडवताना किती लोखंड आणि किती कोळसा लागला, याचा हिशेब 'पर्यावरण' या नावाने कोणी त्याच्याकडे मागत नाही. पेट्रोलवरच्या अधिभाराचेही तसेच. मोंढ्यात माल वाहणारा रिक्षावाला आणि शौकाने फिरणारा श्रीमंत लिटरमागे सारखेच देतात. माझा व्यवसाय करही या दोषातून सुटलेला नाही. घटनेच्या कलम २७६ मध्ये १९८८ साली त्याची मर्यादा वर्षाला २५०० रुपये ठरली आणि आजही तीच आहे. त्यामुळे आमच्या शाळेचा शिपाई आणि एखाद्या कंपनीचा सर्वोच्च अधिकारी, दोघेही जवळपास सारखीच रक्कम भरतात.

हे दुखणे केवळ आपले नाही. २०१८ साली फ्रान्समध्ये इंधनावरचा कर वाढला तेव्हा पिवळी जाकिटे घालून रस्त्यावर उतरली ती बरीचशी लहान गावांतली माणसे होती. कामावर जायला त्यांना गाडीशिवाय इलाज नव्हता. डिसेंबरात सरकारला नियोजित वाढ मागे घ्यावी लागली. त्यांचे पर्यावरणावर प्रेम नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ओझे चुकीच्या खांद्यावर ठेवले, एवढाच त्यांचा आक्षेप होता. स्वित्झर्लंडने तापण्याच्या इंधनावर कार्बन आकारणी केली, पण जमलेल्या रकमेचा मोठा भाग नागरिकांना आरोग्य विम्याच्या हप्त्यातून सारख्या वाट्याने परत दिला. जो कमी जाळतो त्याला भरल्यापेक्षा जास्त परत मिळते. न्याय करायचा ठरवले तर मार्ग सापडतो.

काही कर तर पावतीवर लिहिलेच जात नाहीत. आपल्या जिल्ह्यातले कडवंची हे गाव पाणलोट विकासासाठी नावाजलेले आहे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली, भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून १९९६ पासून तिथे काम झाले, गावाने श्रमदान केले आणि एके काळचे कोरडवाहू गाव द्राक्षांचे गाव झाले. ते कौतुकाचेच आहे. पण जिथे जिथे पाणलोटाची कामे होतात तिथे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे नियम असतात. ज्याची जमीन आहे त्याच्या विहिरीला पाणी वाढते. ज्याच्याकडे चार शेळ्यांशिवाय काही नाही, त्याने त्या कुठे चारायच्या? डोंगर हिरवा व्हावा म्हणून त्याने दिलेला कर कोणत्याच पावतीपुस्तकात नोंदला जात नाही. टँकरमागे घागर घेऊन धावणाऱ्या बाईचे, पाण्याच्या पाळीसाठी शाळा बुडवणाऱ्या मुलीचेही तेच. उन्हाळ्यातले माझ्या वर्गाचे हजेरीपट पाहिले तर हा कर कोण भरते ते नावानिशी दिसते. तिला कोणी विचारत नाही, 'जास्त कर द्यायला तयार आहेस काय?'

भट्ट्यांचा प्रश्नही टाळता येणार नाही. ज्याने बिघडवले त्याने भरावे, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्टपणे उचलून धरले. पाणी वापरणाऱ्या उद्योगांवर १९७७ च्या कायद्याने उपकर होता. २०१७ साली तोही गेला. औद्योगिक वसाहतीच्या धुराने खोकणारी माणसे आणि त्याच वसाहतीत पाळीवर जाणारी माणसे बहुतेक वेळा एकाच घरातली असतात. म्हणून ती बोलत नाहीत. बिघडवणाऱ्याकडून कडक वसुली झाली तर कारखाना जाईल, अशी भीती त्यांना घातली जाते. ही भीती पूर्णपणे खोटी नाही. पण मजुराच्या फुप्फुसाने भरलेला कर स्वस्त म्हणून मालाची किंमत कमी ठेवणे हा कोणत्याही धर्मात न्याय होत नाही.

आणि शेवटी आपल्या मोहल्ल्यांची तक्रार: 'आमच्याकडे नळाला पाणी नाही, गटार उघडे, घंटागाडी येत नाही, मग पट्टी कशाला भरायची?' ही तक्रार खरी आहे, आणि ती करण्याचा आपल्याला हक्क आहे. परंतु न भरणाऱ्याचा आवाज कार्यालयात फार लांब जात नाही. २०२३ साली जालन्याची नगरपालिका महानगरपालिका झाली. कर वाढणार हे उघड आहे. तेव्हा थकबाकीदार म्हणून दाराआड उभे राहण्यापेक्षा पावती हातात घेऊन टेबलासमोर उभे राहणे मला जास्त स्वाभिमानाचे वाटते.

तेव्हा सर्वेक्षणवाला माझ्याकडे आला तर मी 'होय' म्हणेन, आणि त्याच्या कागदावर जागा असेल तर पुढे चार ओळी लिहायला सांगेन. माझ्याकडून शेळीवाल्यापेक्षा जास्त घ्या आणि बंगलेवाल्याकडून माझ्यापेक्षा जास्त. ज्यासाठी घ्याल त्याच कामाला लावा. हिशेब वॉर्डाच्या फलकावर, मराठीत आणि उर्दूत, लावा. तो वाचायला मी येईन आणि माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन येईन. आणि ज्या वर्षी पाऊस भरपूर पडेल त्या वर्षीही घ्या, कारण गाळ त्याच वर्षी येतो.